विषय क्रमांक चार: बोरजाई हॉल्ट

आमच्या बोरजाई हॉल्टवर गाडी एक मिनिट थांबते. त्या एका मिनिटासाठी मी गेली अकरा वर्षं रोज तासन्‌तास खिडकीत बसते. मी त्रिशला मगदूम. रेल्वेची नोकर नव्हे. हॉल्टवरची तिकिटं विकायचा ठेका आधी आमच्या ह्यांच्याकडे होता, ते गेल्यावर माझ्याकडे आला. मोठ्या स्टेशनातून थोडी थोडी तिकिटं आणायची आणि विकायची, एवढंच काम. सकाळची गाडी मिरजेवरून सांगलीकडे जाते, संध्याकाळची परत येते. मधल्या वेळेत मी, पत्र्याची खोली आणि एक कुत्रं.

तिकिटं खपतात रोज सात. गाडीत चढतात तीस-पस्तीस. हे गणित गावात सगळ्यांना ठाऊक आहे. "काय वैनी, बरं हाय न्हवं?" असं खिडकीत डोकावून तोंडभर विचारतात आणि सरळ फलाटाच्या पार टोकाला जाऊन उभे राहतात. मी तिकीट विकणारी आहे, तपासणारी नव्हे. नेमानं तिकीट काढते ती हरणाबाई. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मिरजेला जायचं असतं. आमच्या रस्त्यावर जीपमध्ये बसली तर तिथं पोचायच्या आतच तिचं काहीतरी व्हायचं, म्हणून गाडी. गार्डही तिच्यासाठी झेंडी अंमळ उशिरा दाखवतो.

तर मागल्या वर्षी दिल्लीत रेल्वे सुधारायचं विधेयक आलं. सुधारणा म्हटलं की मला धडकी भरते. आमच्या गावात जे जे सुधारलं ते ते आधी बंद पडलं. या विधेयकात कलम सत्तावीस होतं. ज्या हॉल्टवर रोज पंचवीसपेक्षा कमी तिकिटं विकली जातात, तो हॉल्ट चौकशी न करता बंद करावा. पेपरात वाचलं आणि चहा गार झाला. हॉल्ट गेला की हरणाबाईचं मिरज गेलं. आणि माझी खिडकी गेली. माझी सून प्रीती स्वभावानं लय गोड आहे, पण दिवसभर समोरासमोर बसावं इतकं गोड जगात कुणीच नसतं.

पेपरात खाली असंही छापलं होतं की विधेयक संसदेच्या समितीकडे तपासायला दिलं आहे, लोकांनी आपलं म्हणणं दोन प्रतींत पाठवावं. मी पाठवलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं: समिती दौऱ्यावर निघाली आहे, सांगलीत जनसुनावणी आहे, बोरजाईच्या त्रिशला मगदूम यांनी साक्षीला यावं.

पत्राचं ऐकून पहिला कोण आला असेल तर नाथाजी. नाथाजी म्हणजे आमच्या गावचा आवाज. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत तो एकवीस वर्षं तिसऱ्या रांगेत बसतो. सेक्रेटरी व्यासपीठावरून विषय वाचतो, चष्म्यावरून खाली बघतो, आणि नाथाजी ओरडतो, "मंजूर!" मग मागचे दोन हजार सभासद "मंजूर, मंजूर!" करतात. बावीस विषय अकरा मिनिटांत उरकतात आणि माणसं जेवायला बसतात. विषय काय होता हे नाथाजीनं आजवर एकदाही ऐकलेलं नाही. त्याची गरजच पडली नाही.

"वैनी, सभा म्हटली की माणसं लागत्यात," तो म्हणाला. "चाळीस आणतो."

"भावजी, ही संसदेची समिती आहे. तिथं बोलायचं मी एकटीनं. बाकीच्यांनी मागं गप बसायचं."

"गप बसायला बी माणसं लागत्यातच की. जेवान हाय का?"

"नाही."

"मग तीस आणतो," म्हणाला, आणि आणली चाळीसच. सुनावणीच्या सकाळी सगळे धुवट टोप्या घालून फलाटावर हजर. हॉल्ट वाचवायला निघालेल्या त्या चाळीस जणांपैकी खिडकीवर किती आले? सहा. नाथाजीनं मला लांबूनच नमस्कार केला आणि तो पहिल्या डब्यात चढला. माझा संताप झाला, पण मंदिरातून नुकतीच आले होते, म्हणून गिळला.

सांगलीत एक मोठं दालन होतं. पुढे सात-आठ खासदार, मधे अध्यक्षबाई. बाई उत्तरेकडच्या, हिंदी बोलणाऱ्या, चेहरा कडक. बाजूला रेल्वेचा एक अधिकारी फाइल घेऊन बसलेला. मराठी-हिंदी करायला दुभाषी पाहिजे म्हणून कुणीतरी सहकार खात्यातला एक निवृत्तीला आलेला माणूस बसवला होता, आणि घात तिथंच झाला. त्या गृहस्थानं जन्मभर कारखान्यांच्या सभांची विषयपत्रिकाच वाचलेली.

आधी दुसऱ्या लोकांचे तीन विषय झाले. पंखे मंद, चहा दोनदा झालेला. मागं वळून पाहिलं तर नाथाजीची हनुवटी छातीला टेकलेली. बरं झालं, म्हटलं, झोपेत तरी गप राहील.

दुभाष्यानं चष्मा सारखा केला.

"विषय क्रमांक चार. कलम सत्तावीस वाचून त्यावर विचारविनिमय करणे. रोज सरासरी पंचवीसपेक्षा कमी तिकिटे विकली जाणारी हॉल्ट स्थानके, उदाहरणार्थ बोरजाई, चौकशीविना बंद करणे."

एवढं वाचून त्यानं चष्म्यावरून सभेकडे पाहिलं.

"मंजूर!" नाथाजी गरजला.

"मंजूर! मंजूर!" मागचे एकोणचाळीस गरजले.

खिडकीच्या काचा हादरल्या. अध्यक्षबाई खुर्चीतच दचकल्या. मग त्यांच्या कडक चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. लोकांचा इतका ठाम पाठिंबा आपण कुठंच पाहिला नाही असं काहीसं त्या हिंदीत बोलल्या, आणि लघुलेखक ते भराभर लिहून घेऊ लागला. मी मागे बघितलं. नाथाजी जागा झाला होता आणि मंडळी कुठल्या बाजूला जेवायला वळतात ते बघत होता. त्या क्षणी माझ्या हातात काही असतं तर मी फेकून मारलं असतं.

"थांबा!" मी उभी राहिले. "ते खोडा. ह्या लोकांना विषय कळलेला नाही."

दुभाष्यानं सांगितलं. अध्यक्षबाईंनी रेल्वेच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्यानं फाइल उघडली. "बोरजाई. रोज सरासरी सात तिकिटं. हिशेब बाईंच्याच सहीचा आहे."

"बाई," अध्यक्षबाई म्हणाल्या, "तिकिटं सात. गाववाल्यांना हॉल्ट बंद झाला तर चालतंय. मग तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

सात हा आकडा माझ्याच हातचा होता. तो खोटा म्हणता येत नव्हता आणि खरा म्हटला तर हॉल्ट गेला. तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर हरणाबाई आली, एक पाय फलाटावर आणि एक गाडीच्या पायरीवर. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

"माझं म्हणणं नंतर. आधी एक करा. आज गाडीनं बोरजाईहून आलेत त्यांना उभं करा."

चाळीसच्या चाळीस उभे राहिले.

"आता ज्यांच्याकडं तिकीट आहे त्यांनीच उभं राहा. बाकीच्यांनी बसा."

सहा जण उभे राहिले. बाकीचे इतक्या हळू बसले की खुर्च्या करकरत राहिल्या. कुणी टोपी सारखी केली, कुणी छताकडे बघितलं.

"बाईसाहेब," मी म्हणाले, "ही कलम सत्तावीसची चूक. कायदा तिकिटं मोजतोय. माणसं मोजतच नाही. हरणाबाईचं एक तिकीट आणि ह्या चौतीस जणांचं शून्य, म्हणून हॉल्ट शून्य. 'विकलेली तिकिटे' हे शब्द काढा आणि 'चढणारी-उतरणारी माणसे' घाला. एवढंच माझं म्हणणं आहे."

रेल्वेचा अधिकारी लालेलाल झाला. बिनतिकीट प्रवास गुन्हा आहे, सगळ्यांची नावं लिहून घेतो, म्हणून त्यानं पेन काढलं. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, हे लोक रोज येतात कशावरून? आज एकदाच गोळा करून आणले असतील. माझ्या वहीत ही माणसं कुठंच नव्हती. साक्ष द्यायची तर त्यांनीच द्यायला पाहिजे होती, त्या उघड्या पेनासमोर.

मी नाथाजीकडे पाहिलं. एकवीस वर्षांत सभेत त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला होता.

मग तो उठला.

"बाईसायेब, माजं नाव नाथाजी. बोरजाईचा. मी रोज सांगलीला हमालीला येतो. सोळा वर्सं. रोज फुकट." आवाज एवढा मोठा, पण पार चिरकला होता. "आधी म्हनलो ते मंजूर म्हागारी घेतो. मला काय वाचलं ते ठावंच न्हवतं. आता ठावं हाय. लिवून घ्या माजं नाव."

त्याच्या मागनं एकेक उठला. मी दूध घेऊन येतो, मी गवंडीकामाला, माझी पोरगी कॉलेजला, तिचं बी लिवा. अधिकाऱ्याचं पेन पुरेना. शेवटी अध्यक्षबाईंनीच हात वर केला. समितीपुढं दिलेल्या साक्षीवरून कुणालाही दंड करता येत नाही, असं त्यांनी त्या अधिकाऱ्याला सुनावलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "इतकी वर्षं समित्यांवर आहे. आपला गुन्हा असा रांगेत उभं राहून सांगणारे साक्षीदार पहिल्यांदा पाहिले." हे सगळं होईतो परतीची गाडी निघून गेली होती. आम्ही टेम्पोनं गावी आलो, आणि टेम्पोवाल्यानं एकालाही फुकट आणलं नाही.

यंदा विधेयक पास झालं. कलम सत्तावीस मी शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचलं. 'विकलेली तिकिटे' गेली होती आणि तिथं 'चढणारे प्रवासी' बसले होते. पंचवीसचा आकडा मात्र तसाच. मोजणी देशभर एकाच सोमवारी, शिरगणतीसारखी. त्या सोमवारी पंचवीस भरले तर हॉल्ट राहील, नाही तर संपला.

मी घरोघरी निरोप दिला: सोमवारी या आणि गाडीत बसा, बास. माणसंच मोजणार होते, म्हणून तिकिटं जास्त आणायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. डब्यात चौदा उरली होती.

सोमवारी सकाळी मोजणीचा कारकून स्टूल टाकून बसला. आणि माझ्या खिडकीसमोर रांग लागली. अकरा वर्षांत पहिल्यांदा! पुढे हरणाबाई, मागे दूधवाले, गवंडी, कॉलेजच्या पोरी. शेवटी नव्या शर्टात नाथाजी, कारण रांग तोच लावत होता.

चौदा तिकिटं गेली आणि डबा रिकामा झाला.

"संपली," मी म्हणाले. "असू दे, तसेच बसा."

"न्हाई," नाथाजी म्हणाला.

"न्हाई म्हणजे?"

"वैनी, दिल्लीच्या बाईफुडं नाव सांगितलंय मी. आज माणूस म्हनून मोजायला आल्यात. फुकट चढलो तर माणूस मोजला का चोर मोजला? आमी न्हाई बसत."

आणि मागच्यांनीही माना हलवल्या. गाडी आली. चौदा चढले. कारकुनानं चौदा रेघा मारल्या. पंचवीस माणसं फलाटावर अब्रू सांभाळत उभी! मी विनवलं, मी शिव्या दिल्या, गार्डानं घड्याळ बघितलं. हरणाबाई दारातूनच ओरडत होती, "चढा की रं मुडद्यांनो!" एकही पाय हलेना.

मग मी खिडकी सोडली. वही उचलली, सिमेंटच्या बाकावर चढले, चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि त्या सहकार खात्याच्या सुरात वाचलं:

"विषय क्रमांक एक! तिकिटे संपल्याकारणाने उर्वरित सभासदांनी गार्डसाहेबांना सांगून गाडीत बसणे, व सांगलीत उतरल्याबरोबर तिकीट काढणेस मंजुरी देणे!"

आणि चष्म्यावरून खाली पाहिलं.

नाथाजीची मान ताठ झाली. त्याच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, पण तोंडाला थांबायची सवयच नव्हती.

"मंजूर!"

"मंजूर! मंजूर!" करत पंचवीसच्या पंचवीस डब्यात. गार्ड हसत हसत झेंडी हलवायला लागला. कारकुनानं रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या. "एकोणचाळीस," तो म्हणाला. मी बाकावरच बसले आणि पदर तोंडाला लावून रडले. सांगायला लाज कसली?

संध्याकाळी नाथाजीनं खिडकीत तिकीट ठेवलं. सांगलीत उतरून काढलेलं, आणि परतीचंही. "बगून घ्या," म्हणाला. मी उलटंसुलटं करून पाहिलं. खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पन्नास तिकिटं आणून ठेवली. बाकीची मंडळी "काय वैनी, बरं हाय न्हवं?" म्हणत फलाटाच्या टोकाला निघून गेली. खपली आठ. आठवं नाथाजीचं होतं.