कोमट पाण्यात जिलेबी

डोळाच आला माझ्या हातात! अंगठा आणि बोटाच्या चिमटीत मसुरीएवढी गोल, पारदर्शक चकती, आणि समोर परातीत आसावरीची जिलेबी, डाव्या बाजूला नुसता पांढराफटक गोळा घेऊन. मी किंचाळले की नाही ते आठवत नाही. शेजारच्या कलावतीबाई दार ठोठावायला आल्या, म्हणजे किंचाळलेच असणार.

जिलेबी म्हणजे साप. परदेशी अजगराची जात, माझ्या मनगटाएवढी जाड, चार फूट लांब. माझ्या लेकीने, आसावरीने, तीन वर्षांपूर्वी रीतसर कागदपत्रं करून डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत आणून ठेवली. वेटोळं करून बसते म्हणून नाव जिलेबी. "विषारी नाही गं आई," म्हणे. नसेल! घूसही विषारी नसते, म्हणून कुणी पाळतं का? तीन वर्षं मी त्या काचेच्या पेटीकडे पाठ करून वावरले. तिचं तोंड कसं आहे, डोळे कसे आहेत, मेलं बघायचंय कुणाला!

आणि नेमकी कात टाकायची वेळ आली तेव्हा आसावरीला ऑफिसने दहा दिवस हैदराबादला पाठवलं. जिलेबी राखेच्या रंगाची झालेली, डोळेही दुधाळ झालेत म्हणे. निघताना पोरीने बजावलं, "तिला खायला द्यायचं नाही. पेटीतला टॉवेल ओला ठेवायचा. आणि हात लावायचा नाही, कात ती स्वतः टाकते."

"मला काय कळत नाही का?"

"ससा होता तेव्हा दार उघडं राहिलेलं," ती म्हणाली आणि बॅग उचलून गेली.

 पण दार उघडं राहिलंच नव्हतं. आसावरी आठ वर्षांची असताना, घरभर पडणाऱ्या लेंड्यांना वैतागून मी तो ससा खडवलीच्या नाथाला देऊन टाकलेला. नाथा आमच्याकडे भाजी आणायचा. पोरीला सांगितलं, पळाला. आठवडाभर ती गाजर हातात धरून सोसायटीत हाका मारत फिरली. मी खिडकीतून बघितलं आणि गप्प राहिले. वीस वर्षं गप्पच आहे. म्हणून या वेळी ठरवलेलं, काय वाट्टेल ते होवो, हिचा जीव हिला धडधाकट परत द्यायचा.

पण स्वभावाला औषध नाही ना! तिसऱ्या दिवशी वाटलं, एवढ्या ओलीत बिचारीला सर्दी होईल. टॉवेल काढला, जुनं कोरडं लुगडं घातलं, पंखा लावला. व्हायचं तेच झालं. पाचव्या दिवशी कात फाटली, पण एकसंध निघेना. जागोजागी चिकटून बसलेली. ती आपली दगडावर नाक घासतेय, घासतेय. आसावरीला तीन फोन केले, तिन्ही वेळा बंद.

आता आम्ही पडलो सीकेपी. बिरडं सोलण्यात माझा जन्म गेला. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, बुडाशी चिमटीत दाबायचं, दाणा टुणकन बाहेर. आसावरीलाही सातव्या वर्षापासून शेजारी बसवून शिकवलेलं. म्हटलं, साल ती साल. परातीत कोमट पाणी घेतलं, देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटून जिलेबीला उचललं.

अगं बाई! मला वाटलेलं, गिळगिळीत असेल. तर कोरडी आणि मऊ. दहा मिनिटांनी शेपटीकडून कात सुटायला लागली. मी चक्क तिच्याशी बोलायला लागले. "झालं हं राणी, एवढंच राहिलं." मग डोक्याशी आले. डाव्या डोळ्यावर कात अडकलेली. चिमटीत धरली, दाबली. आणि ते हातात आलं.

पहिला विचार कुठला आला सांगू? सांगायची लाज वाटते. आसावरीला सांगू, झाकण उघडं राहिलं, पळाली. त्या चकतीपेक्षा मला माझाच जास्त धक्का बसला. साठी उलटली तरी मी तीच!

फ्रिजवर आसावरीने जिलेबीच्या ठाण्यातल्या डॉक्टरांचा पत्ता चिकटवलेला होता. जिलेबीला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्रा बाजाराच्या पिशवीत, चकती कुंकवाच्या डबीत. टॅक्सीवाल्याने विचारलं, "मावशी, पिशवी हलतेय काय?" म्हटलं, "तू पुढे बघ रे बाबा." ठाण्यात कोपरीला पोचेपर्यंत मी त्या पिशवीवरून हात फिरवत होते.

डॉक्टर प्रीतम, पोरसवदा माणूस. चकती भिंगाखाली धरून म्हणाला, "काकू, हा डोळा नाही. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखं आवरण असतं, ते कातीबरोबरच निघतं. नशीब तुमचं, सुटतच आलेलं होतं."

"मग हा डोळा पांढरा का?"

"तो दोन वर्षांपूर्वीच गेलाय. आवरण सुटायच्या आधीच कुणीतरी कात ओढली."

"कुठल्या मेल्याने?"

तो चाचरला. "आसावरीने. कोमट पाण्यात ठेवून, चिमटीने. तुम्ही बसलाय ना, त्याच खुर्चीत बसून ढसाढसा रडली. म्हणत होती, घरी कुणाला सांगू?"

मी खुर्चीतून उठलेच. माझी पोर डोळे सुजवून घरी आली असेल, त्या पेटीशी बसून राहिली असेल, आणि मी? मी पाठ करून पोळ्या लाटत असणार.

तिथूनच फोन लावला. या वेळी तिने उचलला.

"आसावरी, मी जिलेबीला सोललं गं."

 तिकडून बारीक आवाज. "कोमट पाण्यात?"

"हो."

"परातीत?"

"हो. बरी आहे ती. डॉक्टरांनी बघितलंय. तुझ्या वेळचंही सांगितलं त्यांनी." तिकडे ती मुसमुसायला लागली. माझाही धीर सुटत होता, पण आत्ता नाही तर कधीच नाही. "आणि ऐक. ससा पळाला नव्हता. मी..."

"नाथाकाकांकडे होता. माहितेय मला. मी पाचवीत असताना त्यांनीच सांगितलेलं, तुमचा ससा लई गुणाचा म्हणून."

 मी परत त्याच खुर्चीत बसले.

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलेले."