अडतीस मिनिटांची नोंद

सकाळपासून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती खाली यायचं नाव घेत नव्हती. इस्पितळाच्या तळघरातल्या त्या खोलीत थंड हवेची दोन यंत्रं अखंड घुरघुरत असतात, तरी तिला घाम फुटला होता. साडेअकराला वर चौकशी होती. चौकशी होती ती तिच्या नणंदेची.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या वॉर्डातली सिस्टर. चोवीस वर्षांची नोकरी. तोंडाने फटकळ, हाताने नेमकी. सोळा दिवसांपूर्वी, एका मंगळवारी दुपारी, तिने एका म्हाताऱ्या पेशंटला अडीचऐवजी पंचवीस प्रमाणात औषध दिलं. म्हातारा दोन दिवस अतिदक्षता विभागात होता, मग वाचला. नणंदेचं म्हणणं एकच: पडद्यावर पंचवीस दिसत होतं, म्हणून पंचवीस दिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तोच पडदा उघडून पाहिला, तर तिथे स्वच्छ अडीच. डॉक्टर म्हणाले, मी अडीचच लिहिलं होतं. मेट्रन म्हणाली, वय झालं, होतं असं. नणंदेला घरी बसवण्यात आलं, आणि आज ती कायमची घरी बसणार की परत वॉर्डात येणार हे ठरणार होतं.

आणि हे ठरवणार कोण, तर तळघरातला सर्व्हर. कुठल्या पडद्यावर कोणी काय उघडलं, काय लिहिलं, कुठलं सॉफ्टवेअर कधी बंद झालं, कधी चालू झालं, त्या सगळ्याच्या नोंदी गोळा करून सांभाळणारी व्यवस्था तिने तीन वर्षांपूर्वी एकटीने उभी केली होती. तेव्हा तिच्या विभागाचे साहेब हसले होते. "सर्व्हरबाई, या कचऱ्याचं लोणचं घालणार का?" तिने ते अजून मनात ठेवलं होतं. ती असल्या गोष्टी ठेवणाऱ्यातली होती.

आता चौकशी समितीला नोंदींची मोहर लावलेली प्रत हवी होती, मागाहून कोणी फेरफार केला तर लगेच कळेल अशी. ती सोय फक्त नव्या आवृत्तीत. नवी आवृत्ती टाकायला अर्धा तास व्यवस्था बंद ठेवावी लागते, आणि तो अर्धा तास तिने साहेबांकडे गेल्या वर्षभरात चार वेळा मागितला होता. चारही वेळा त्यांनी हात झटकले. आज मात्र साहेब स्वतः खाली येऊन तिच्या पाठीमागे उभे होते आणि घड्याळाकडे बघत होते.

"किती वेळ लागेल?"

"जेवढा लागतो तेवढा," ती म्हणाली.

तिने काम सुरू केलं. आधी टाकलं सॉफ्टवेअरचं एक छोटं पॅकेज, जे मशीनला सांगतं की नवी आवृत्ती कुठून आणायची. मग मिळणाऱ्या आवृत्त्यांची यादी ताजी केली. मग एक गोष्ट पुन्हा तपासली: नोंदी ज्यात साठतात तो भाग तिने जागच्या जागी रोखून ठेवला होता. तो आपसूक पुढच्या आवृत्तीवर गेला असता तर तीन वर्षांच्या नोंदी कदाचित वाचताच आल्या नसत्या. तो जागेवर होता. मग तिने मुख्य पॅकेज मागवलं. पडद्यावर ओळी धावायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

मशीनने प्रश्न विचारला होता. तुमची सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे. पॅकेजबरोबर आलेली नवी घ्यायची, की तुमची ठेवायची?

"नवी घ्या की," साहेब मागून म्हणाले. "नवीन आहे म्हणजे चांगलीच असणार."

ती खुर्चीतच वळली. "साहेब, ही फाइल आपल्या इस्पितळासाठी मी एकेक ओळ करून लिहिली आहे. नोंदी किती दिवस ठेवायच्या तेसुद्धा यातच आहे. नवीमध्ये चौदा दिवस लिहिलेत. आपल्याला सोळा दिवसांपूर्वीचं बघायचंय. ती घेतली तर व्यवस्था सुरू होताक्षणी जुन्या नोंदी पुसायला घेईल. न वाचता हो म्हणणाऱ्या लोकांनीच सगळे घोळ घालून ठेवलेत. कानाला खडा लावायला हवा एकेकाने."

तिने आपली फाइल ठेवली, आणि मनातल्या मनात न वाचता हो म्हणणाऱ्या सगळ्या जातीला आणखी एकदा शिव्या घातल्या. तिला बरं वाटलं. तिला रागावल्यावर नेहमीच बरं वाटायचं, आणि ते तिला ठाऊकही होतं.

व्यवस्था बंद झाली, पुन्हा उठली, नवी आवृत्ती दिसली. नोंदी सगळ्या शाबूत. अकरा वाजायला दहा मिनिटं होती.

तिने मोठ्या वॉर्डातला तो पडदा निवडला, मंगळवार निवडला, दुपारी दोन ते चार. दोन वाजून दहा मिनिटं: डॉक्टरांची नोंद, अडीच. तीन वाजून सात मिनिटं: ताईंनी, म्हणजे नणंदेने, पडदा उघडला. तीन वाजून बारा: औषध दिल्याची खूण, पंचवीस. मधे काही नाही. कोणी काही बदललेलं नाही.

"म्हणजे तुमच्या ताईंचीच चूक," साहेब हळूच म्हणाले. "वाईट वाटतं. घरचं माणूस."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने पडद्याची अट काढून टाकली आणि त्या वेळेतल्या सगळ्या सर्व्हरच्या नोंदी मागवल्या. शेकडो ओळी आल्या. त्यात एक ओळ होती, दोन वाजून एक्कावन्न मिनिटांची: औषधांचं सॉफ्टवेअर बंद, आणि लगेच पुन्हा चालू.

"हे बघा!" ती ओरडलीच. "भर दुपारी, पेशंटना औषधं द्यायच्या वेळी, कुठल्या शहाण्याने हे बंद केलं? सापडू दे, वर नेऊन उभा करते त्याला."

ती एक ओळ वर सरकली. कोणत्या खात्यातून कुठला आदेश दिला, हे तिची व्यवस्था शब्दन् शब्द लिहून ठेवते. सगळ्यांचा, अगदी माझासुद्धा, असं ती अभिमानाने सांगायची.

खातं तिचंच होतं.

आदेशही तिचाच. अकरा मशीनवर औषधांच्या सॉफ्टवेअरचं नवं पॅकेज टाक, प्रश्न विचारू नकोस, सेटिंगच्या फाइल सगळीकडे नव्याच घे. तिला ती दुपार आठवली. त्या कामालाही साहेबांनी अर्ध्या तासाऐवजी पंधराच मिनिटं दिली होती आणि ती त्यांच्यावर इतकी चिडली होती की प्रत्येक मशीनचा प्रश्न वाचत बसायचा तिला कंटाळा आला होता. घ्या तुमची पंधरा मिनिटं, म्हणून तिने तो आदेश दाबला होता.

पुढची ओळ तीन वाजून एकोणतीस मिनिटांची होती. पॅकेजने बाजूला ठेवलेली जुनी फाइल तिने परत जागेवर आणली होती. का, तेही आठवलं. कुठल्या तरी वॉर्डातून फोन आला होता की पडद्यावरचं इस्पितळाचं नाव गेलंय. तेवढंच गेलंय असं समजून तिने जुनी फाइल परत ठेवली, चहा प्यायली आणि विसरून गेली. त्या फाइलमध्ये आणखीही एक ओळ होती. औषधाचं प्रमाण दशांशाच्या टिंबासकट दाखवायचं, ही. नव्या फाइलमध्ये ती ओळ नव्हती. अडतीस मिनिटं सगळ्या इस्पितळात टिंब दिसत नव्हतं, आणि त्या अडतीस मिनिटांत अपूर्णांकातलं औषध एकाच पेशंटला होतं.

ताई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होत्या.

तिला राग आणायचा होता, पण तो काढायला समोर कोणी मिळेना. साहेबांवर थोडा निघत होता, पण तेवढ्याने पुरत नव्हतं. पंधरा मिनिटं त्यांची, बोट तिचं.

साहेबांनीही वाचलं होतं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघा, एवढ्या सगळ्या ओळी छापायची गरज नाही. तांत्रिक कारणाने पडद्यात तात्पुरता बिघाड असावा, एवढं लिहू. ताईंना संशयाचा फायदा मिळेल. तुम्हीही सुटाल."

"आणि तुम्हीही."

"मीही," साहेब म्हणाले. निदान तेवढं ते खरं बोलले.

"संशयाचा फायदा म्हणजे काय हो? म्हणजे उद्यापासून वॉर्डात प्रत्येक जण त्यांच्या हातातली सुई बघणार. त्यांनी सोळा दिवस एकच वाक्य सांगितलंय, साहेब. एकानेही ऐकलं नाही." ती थांबली. "मीसुद्धा नाही."

तिने दोन वाजून दहा मिनिटांपासून साडेतीनपर्यंतच्या सगळ्या ओळी निवडल्या, मोहर लावली आणि छापल्या. चार पानं निघाली. तिचं खातं चारपैकी दोन पानांवर होतं.

वरच्या खोलीत लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधोमध मुख्य डॉक्टरीणबाई. समोर एका खुर्चीत ताई, ताठ, पर्स मांडीवर धरून. भावजय आत आली तरी त्यांनी मान वळवली नाही.

डॉक्टरीणबाईंनी पानं चाळली. "तुम्ही यांच्या नात्यातल्या. या नोंदींवर आम्ही विश्वास का ठेवावा?"

"तिसरं पान बघा," ती म्हणाली. "चूक कोणाच्या खात्यातून झाली ते लिहिलंय. तुमच्या कोणाच्या खात्यातून असती तर मी आतापर्यंत इथे आरडाओरडा केला असता. ते खातं माझं आहे. पडद्यावर पंचवीसच दिसत होतं. मी दिसायला लावलं."

डॉक्टरीणबाईंनी तिसरं पान दोनदा वाचलं आणि शेजारच्याला दिलं. मग त्या ताईंना म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही उद्यापासून कामावर या." आणि तिला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा. तुमच्याबद्दल वेगळं बोलावं लागेल."

ती बाहेरच्या बाकावर बसली. थोड्या वेळाने ताई आल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"ताई, माझं चुकलं."

"सोळा दिवस," ताई म्हणाल्या. "माझा भाऊ माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसा बोलतोय. रात्री उठून मी औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचून बघत होते, की मला खरंच दिसत नाही का. आणि तू माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून काय म्हणाली होतीस, आठवतं?"

तिला आठवत होतं. ती गोड आवाजात म्हणाली होती, ताई, रागावू नका, पण एकदा डोळे तपासून घ्या.

"तपासले. डॉक्टर म्हणाला, नंबर तसूभरही बदललेला नाही. तरी मी चष्मा नवा करून घेतला. म्हटलं, एवढी शिकलेली भावजय सांगते, तर असेल काहीतरी."

ताईंनी नाकावरचा चष्मा काढला, घडी घातली आणि तिच्या मांडीवर ठेवला. मग पर्समधून जुना काढून लावला आणि जिन्याकडे चालू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर, आपल्या वॉर्डात.