व्हॅनमधली दुसरी बॅटरी

मित्रांनो, गाडीचे इंजिन सुरू करते ती मी नव्हे. ती माझी थोरली. मी तिच्या मागून आलेली, पलंगाखालच्या लाकडी खोक्यात बसवलेली दुसरी बॅटरी आहे. आज मी जुनी झाले आहे. माझ्या टोकांवर पांढरी पूड चढली आहे आणि माझ्याकडे कोणी फिरकत नाही. तरीही मला बोलायचे आहे, कारण माझ्यावर एक आळ आला होता आणि तो खोटा होता.

आधी माझा जन्म सांगते. एका कारखान्यात शिशाच्या जाड पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या करून मला बनवले. थोरलीच्या पट्ट्या पातळ असतात. ती एका क्षणात सगळा जोर लावते, इंजिन फिरवते आणि मोकळी होते. माझे काम वेगळे आहे. मी थोडे थोडे, पण तासन्‌तास देते. मात्र निम्म्याहून जास्त रिकामी झाले की मला लगेच भरावे लागते. तशीच रिकामी ठेवली तर पट्ट्यांवर क्षार धरतो, तो दगडासारखा घट्ट होतो, आणि मग कितीही वीज पाजा, मी ती घेत नाही.

मला विकत घेतले एका निवृत्त फिटरने. पस्तीस वर्षे त्यांनी पंपघरातले पंप दुरुस्त केले होते. घरोघर पाव पोचवणारी एक जुनी व्हॅन घेऊन तिच्यात त्यांनी पलंग, कपाट आणि हातभर ओटा बसवला होता. पडदे मालकीणबाईंनी शिवले होते. निवृत्तीनंतर दोघांनी भटकायचे, असा बेत होता. मी आले तेव्हा हौस संपली होती, गरज उरली होती. मालकीणबाईंची फुप्फुसे थकत चालली होती. आडवे झाल्यावर त्यांना ऑक्सिजनचे मशीन लावावे लागे. मशीनला वीज हवी. म्हणून मी.

त्यांना जायचे होते एकाच ठिकाणी, नऊ तासांच्या वाटेवर राहणाऱ्या बहिणीकडे. बहीण पडली होती, खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळली होती.

"ताईला येता येत नाही, मला अजून जाता येतंय," मालकीणबाई म्हणत. "आईचं शिवणयंत्र तिनं नेलं, त्यावरून भांडायचं राहिलंय. फोनवर मजा येत नाही."

मी घरी आले त्याच आठवड्यात ताईंच्या मुलाचा फोन आला. मालकांनी तो मोठ्या आवाजावर लावला होता.

"काका, ऑक्सिजनची सोय असलेली गाडी पाठवतो. मावशीला उद्या संध्याकाळपर्यंत इथे आणतो."

"घरची गाडी असताना भाड्याची कशाला? आठवड्यात तयार होते."

"नक्की ना, काका?"

"अरे, पंपघर चालवलंय मी."

त्या आठवड्याचे सहा आठवडे झाले.

मालक आळशी होते असे मी म्हणणार नाही. त्यांचा हात चांगला होता. माझे खोके त्यांनी लोखंडी पट्ट्यांनी तळाशी जखडले. माझ्यातला वायू बाहेर जावा म्हणून नळी काढली. अंगठ्याएवढी जाड तार ओढली, तिच्यावर फ्यूज बसवला. शेजारचा वायरमन कुंपणावरून बघत असे.

"जोडून देऊ का, काका?"

"दोन तारा जोडायला माणूस लावू?"

"दोन तारा नाहीत हो. थोरली आणि धाकटी एका घरात नांदवायच्या आहेत. मधलं दार नीट लावा, नाहीतर धाकटी स्वतःचं संपवून थोरलीचंही खाईल, आणि सकाळी गाडी ढकलायला मलाच बोलवाल."

ते मधले दार म्हणजे एक रिले. इंजिन चालू असताना तो आम्हा दोघींना जोडतो आणि बंद झाले की तोडतो. मालकांनी तो बिनचूक बसवला. मग त्यांना गाडीच्या सांगाड्यावर गंज दिसला. तो त्यांनी घासून काढला आणि राखाडी रंगाचे तीन हात दिले. रंग वाळायला पाच दिवस गेले. त्या चकचकीत सांगाड्यावर माझी वजा बाजूची तार ठेवून त्यांनी बोल्ट आवळला, पान्यावर सगळे वजन टाकून.

मालकीणबाई खिडकीत बसून हे पाहत. एकदा मालक माझी टोके ब्रशने साफ करत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "सवतीची आंघोळ आटपली असेल तर चहा टाकता का? मला आज उठवत नाही."

मालक हसले. चहाही टाकला. पण 'उठवत नाही' हे शब्द त्यांच्या कानावरून गेले. मी खोक्यात होते, तरी मला ऐकू आले.

शेवटी त्यांनी माझ्या टोकांना मीटर लावला. आकडा आला बारा पॉइंट सात. एक छोटा दिवा लावला, तो लागला.

"मशीन लावून बघायचं ना एकदा?" मालकीणबाईंनी विचारले.

"ते जड धूड उगाच कशाला हलवायचं? आकडा बघ की. भरलेली आहे."

मित्रांनो, मी खरेच भरलेली होते. तो आकडा खोटा नव्हता. पण काही काम न सांगता मला विचारले तर मी नेहमी ठणठणीतच दिसते.

आम्ही सकाळी निघालो. पाच तास मालकीणबाई पुढच्या सीटवर बसून होत्या. कोणाची गाडी घाण आहे, कोणत्या घराचा रंग भयंकर आहे, हे त्या सांगत होत्या. मी त्यांना इतके बोलताना पहिल्यांदाच ऐकले. दुपारी दम लागला म्हणून त्या पलंगावर आडव्या झाल्या आणि मशीन लावले. वीस मिनिटांत, माझी वीज मशीनला चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर किंचाळला आणि मशीन बंद पडले. माझ्यात वीज काठोकाठ होती, पण ती वाटेत कुठेतरी अडत होती. मला तोंड असते तर मी जागा दाखवली असती.

मालकांनी गाडी एका पेट्रोल पंपावर घेतली. तिथल्या माणसाने ऑफिसातला प्लग दिला, बसायला खुर्ची दिली. मशीन भिंतीच्या विजेवर सुरू झाले. अर्ध्या तासाने मालकीणबाईंच्या ओठांना रंग आला. अडीअडचणीसाठी ठेवलेले ऑक्सिजनचे छोटे सिलिंडर गाडीत भरलेले होते.

"पुढे किती राहिलं?" त्यांनी विचारले.

"चार तास."

"आणि मागे?"

"पाच."

"मग पुढे चला. ताईच्याही भिंतीत प्लग आहे. सिलिंडर पुरेल तेवढं."

"बॅटरी फसवी निघाली. घरी जाऊन उघडून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. हत्यारं घरी आहेत."

"मला ताईकडे जायचंय. हत्यारांकडे नाही."

"चार दिवसांत नीट करतो. मग जाऊ."

त्या म्हणाल्या, "गाडी तुमची आहे."

मालकांनी गाडी मागे वळवली. त्या क्षणी त्यांना बायकोला पोचवायचे नव्हते. चूक कोणाची ते शोधायचे होते, आणि ती आपली नाही हे बघायचे होते. सिलिंडर पाच तासांना जेमतेम पुरले. घराच्या पायऱ्या मालकीणबाईंना चढता आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात ठेवले.

त्याच दिवशी, भेटीची वेळ संपल्यावर, मालक मला उचलून दुकानात घेऊन गेले. "कचरा दिलात मला," असे ते चारचौघांत म्हणाले. दुकानदाराने मला यंत्राला जोडले, भरपूर भार टाकला आणि पंधरा मिनिटे काट्याकडे बघत राहिला. "काका, बॅटरी ठणठणीत आहे. दुसरीकडे बघा."

मग मला परत खोक्यात बसवून मालकांनी वायरमनला बोलावले. तो गाडीखाली गेला आणि लगेच बाहेर आला.

"काका, बोल्ट रंगावर आवळलाय. खाली लोखंड उघडं नको का? रंगातून वीज कशी जाणार? दिव्यापुरती झिरपते, मशीनला कुठून पुरणार?"

वायरमनने सँडपेपरने रुपयाएवढी जागा घासली आणि तार परत आवळली. पाच मिनिटे लागली. मालकांनी मशीन आणून पलंगावर ठेवले आणि चालू केले. ते सहा तास न थांबता चालले. उशीवर नळी तशीच पडलेली होती आणि त्या रिकाम्या पलंगाला मी सहा तास हवा पुरवली. मालक समोर बसून होते.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली नाही. सतराव्या दिवशी मालकीणबाई गेल्या.

पुढे महिन्याभराने ताई आल्या, मुलाच्या गाडीतून, चालायची चौकट धरत. त्यांनी व्हॅन बघायला मागितली. पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी पडद्याची शिवण बोटांनी चाचपली.

"कुठपर्यंत आला होतात?"

"पेट्रोल पंपापर्यंत. घाटाच्या अलीकडे."

"मी त्या दिवशी मुलाला धरून दारातल्या खुर्चीपर्यंत आले, तिथेच बसले होते. चार वेळा पाणी तापवायला लावलं तिच्यासाठी, हातपाय धुवायला. परत का फिरलात?"

"बॅटरी..." मालक म्हणाले आणि थांबले.

ताईंनी पडद्यावरचा हात काढला.

"बॅटरी," ताई म्हणाल्या आणि मुलाला हाक मारून उतरल्या.

त्यानंतर व्हॅनचे दार उघडले गेले नाही. मला कोणी भरले नाही. पट्ट्यांवर क्षार धरला, घट्ट झाला, आणि आता मी कोणाच्या कामाची नाही. माझे शिसे वितळवून त्याची दुसरी बॅटरी होईल. मालकांचे तसे काही होणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारखीला वापरा, वापरली की भरा, रिकामी टाकून देऊ नका. जोडणीच्या जागी लोखंड घासून उघडे करा. एवढे तर कोणीही शिकवेल. मी आणखी एक सांगते. वाटेत काही बिघडले आणि सोबतच्या माणसाने 'पुढे चला' म्हटले, तर पुढे जा. आधी माणसाला पोचवा. चूक कुठे पळून जात नाही. ती आहे त्या जागी बसून राहते, महिनोन्‌महिने, तुम्ही येईपर्यंत. माणूस तेवढा थांबत नाही.