बादलीतलं तेज

चौकाभोवतीच्या चारही मजल्यांवरून माणसं वाकून बघत होती. खाली, आमच्या तळमजल्याच्या खिडकीशी चमत्कार करणारे बाबा उभे होते आणि त्यांच्यापुढे पितळेची बादली. खिडकीच्या गजांतून बाहेर काढलेला सासूबाईंचा हात त्यांनी त्या बादलीत कोपरापर्यंत बुडवला होता.

"आधी आजार धुवू, मग तेज भरू," बाबा म्हणाले.

साथीचा ताप छातीत उतरल्यामुळे सासूबाई चौकाकडच्या मागच्या खोलीत वेगळ्या राहत होत्या. आजार फार वाढलेला नव्हता, म्हणून रुग्णालयाने घरीच ठेवलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई फोनच्या कॅमेऱ्यातून बघून गोळ्या सांगत.

बाबांनी हात बाहेर काढून बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. त्यांच्या शिष्याने आकडा पुकारला, "सत्त्याऐंशी." वरच्या मजल्यांवर कुजबुज झाली. मग बाबांनी हात गरम शालीत गुंडाळला, चोळला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. "नव्वद. चौऱ्याण्णव. सत्त्याण्णव." टाळ्या पडल्या.

"फोनमधल्या डॉक्टरला हात धरता येतो का विचारा," बाबा म्हणाले. "काचेतून तेज जात नसतं. गोळ्या बंद. आणि हा चिमटा पुन्हा लावायचा नाही. संशयाने मोजलं की तेज निघून जातं."

दुकानदार वजनकाट्याजवळ फिरकू देत नसेल तर आपण दुकान बदलतो. बाबा मात्र आपण बदलत नाही.

"अहो, गोळ्या अशा कशा बंद करायच्या?" मी नवऱ्याला म्हटलं.

"तू तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ना?"

बघितलं होतं, म्हणून तर गप्प बसले.

डॉक्टरीणबाईंना रोज दोन आकडे पाठवायचे असत. ऑक्सिजनचा आकडा नवरा न मोजताच लिहायचा, सत्त्याण्णव. श्वास मोजायचं काम माझं. पूर्ण मिनिटभर दारात उभं राहून सासूबाईंचं पांघरूण किती वेळा वर येतं ते बघायचं. नेमकी तेव्हाच माझी तान्ही लेक उठायची. मग मी कालचाच आकडा लिहायची, वीस. बाबांचं खोटं चौकभर होतं, माझं एका मिनिटाएवढंच.

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"तीन दिवस तेच सत्त्याण्णव आणि तेच वीस," त्या म्हणाल्या. "ताई, माणसाचे आकडे असे गोठत नाहीत. फोन पांघरुणाकडे धरा आणि मोठ्याने मोजा."

मी मोजू लागले. वीस झाले तेव्हा मिनिटाचे पंचवीस सेकंद शिल्लक होते. चौतिसावर मिनिट संपलं.

"वाढवून सांगू नकोस गं," सासूबाई पांघरुणातून म्हणाल्या, तीन तुकड्यांत.

"चिमटा लावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नवरा अडखळला. मग त्याने लावला. अठ्ठ्याऐंशी.

"हात गार आहे?"

"नाही, कढत आहे."

"मग हा आकडा खरा. गाडी पाठवते."

"पण बाबांनी सत्त्याऐंशीचे सत्त्याण्णव केले होते," नवरा म्हणाला. "सगळ्यांनी बघितलंय."

"त्याआधी हात कशात होता?"

"बादलीत," मी म्हटलं. "पाण्याला हात लावला तर बोटं बधिर होत होती."

"गार बोटात रक्त कमी पोचतं, चिमट्याला ते नीट वाचता येत नाही. शेकलं की आकडा आपोआप वर येतो. त्या दिवशी आई खरोखरच सत्त्याण्णव होत्या. बिघडल्या त्या गोळ्या थांबल्यावर."

नवऱ्याने बंद केलेल्या गोळ्यांची पाकिटं काढून आईच्या पिशवीत ठेवली.

गाडी सासूबाईंना घेऊन गेली तेव्हा बाबा समोरच्या खिडकीशी बादली मांडत होते. साथीमुळे आम्हाला बाहेर पडायची परवानगी नव्हती, पण आमची खिडकी पुरेशी होती. फ्रिजमधला सगळा बर्फ मी धुण्याच्या बादलीत ओतला. धडधाकट नवऱ्याने तिच्यात हात बुडवला, मग चिमटा लावला, आणि मी सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं पुकारलं, "एकोणनव्वद."

हात तान्हीच्या दुपट्यात गुंडाळून चोळला. "अठ्ठ्याण्णव."

"आता तेज कुणी भरलं?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. "दुपट्याने?"

"अश्रद्धेचे खेळ आहेत हे," बाबा म्हणाले आणि त्यांनी बादली उचलली. तळाशी बर्फ खळखळला. सगळ्या चौकाला तो ऐकू आला.

सासूबाई अजून रुग्णालयात आहेत. संध्याकाळी दोन मिनिटं फोनवर दिसतात. नाकातोंडावर मास्क असतो, बोलवत नाही. बोटाचा चिमटा तेवढा कॅमेऱ्यासमोर धरतात. कालचा आकडा ब्याण्णव होता.

फोनमधला डॉक्टर हात धरू शकत नाही, हे खरंच आहे. तो घरच्यांच्या डोळ्यांनी बघतो आणि घरच्यांनी दिलेल्या आकड्यांवर विसंबतो. म्हणून खरे आकडे द्या. गोळ्या त्याला विचारल्याशिवाय थांबवू नका. चमत्कार दाखवला तर त्याआधी काय केलं होतं ते विचारा. आणि कुणी मोजू नका म्हणालं, तर आधी मोजा. श्वास मोजायला घड्याळ लागतं आणि एक पूर्ण मिनिट.

तान्ही रडत असेल तर मिनिटभर रडू द्या. मी दिलं नाही.