बोम्मम्माच्या झाडाचा ठसा

मित्रांनो, मी शिसवी लाकडाचा एक जुना ठसा आहे. म्हैसूरच्या अग्रहार भागात राहणाऱ्या दत्तोजीराव रंगाऱ्यांच्या आजोबांनी मला कोरले. माझ्या एका अंगाला कोयरी होती. कितीतरी वर्षे मी लुगड्यांचे काठ छापले. बायका त्या काठावरून बोट फिरवत, तेव्हा मला फार बरे वाटे. पुढे गिरणीच्या छापील साड्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावरच्या पेटीत झाली. तिथे वाळवीने माझा एक कोपरा खाल्ला.

एके दिवशी दत्तोजीरावांनी मला खाली काढले. ओट्यावर दोघीजणी बसल्या होत्या. एक अन्विता, नोकरीसाठी नाशिकहून आलेली. दुसरी बोम्मम्मा, जंगलात मध गोळा करणाऱ्या जेनुकुरुब आदिवासींपैकी. तिच्या हाडीजवळून, म्हणजे वस्तीजवळून, एका रिसॉर्टसाठी रस्ता निघणार होता. आग्या मोहोळांची मोठी झाडे त्यात जाणार होती. अर्ज देऊन देऊन हाडीची माणसे थकली होती.

“काका, लोकांनी बघितलं तरच वरचे हलतील,” अन्विता म्हणाली. “चित्र यांचं, ठसा तुमचा. फोनवर पसरवायचं काम माझं.”

बोम्मम्माने कोळशाने कागदावर झाड काढले. फांदीफांदीला पोळे. तिच्या सासऱ्याने आणि मग नवऱ्याने त्याच झाडाचा मध काढला होता. मग ती कन्नडमध्ये काहीतरी निक्षून बोलली.

“नोड अम्मा, हे बघ,” दत्तोजीराव अन्विताला म्हणाले, “ती सांगते, झाड दाखवा, पण ते कुठं आहे ते कुणाला सांगायचं नाही. माश्यांना गर्दी सोसत नाही. कळलं ना, अल्वा?”

“नाही सांगणार, काका.”

दत्तोजीरावांनी ते झाड माझ्या कोऱ्या पाठीवर कोरले. म्हातारपणी मला पुन्हा काम मिळाले. हाडीतल्या बायका कापड ताणून धरत आणि मी छापत जाई. ते फलक घेऊन माणसे कचेरीसमोर बसली. अन्विताने व्हिडिओ टाकले. हजारोंनी पाहिले, वाहवा केली, आणि आठवड्याभरात विसरले. त्यात कुणीतरी खाली लिहिले, ‘असं झाड खरंच आहे की नुसतं चित्र?’

ते अन्विताला लागले. तिने खऱ्या झाडाचा फोटो टाकला. लोकांचा विश्वास बसावा म्हणून खाली जागाही लिहिली.

तो फोटो लाखो लोकांपर्यंत गेला. रस्ता रद्द झाला. अग्रहारात पेढे वाटले गेले. आणि रविवारपासून झाडाखाली मोटारी लागू लागल्या. माणसे फोटो काढत, ड्रोन उडवत. माश्या उठलेल्या दिसाव्यात म्हणून एका टोळक्याने खाली धूर केला. पुढच्या हंगामात झाडावर एकही पोळे बसले नाही.

बोम्मम्मा आली त्या दिवशी अन्विता पिशव्यांचे कापड घेऊन बसली होती. जिंकल्याच्या आठवणीसाठी तिला माझे झाड छापून हवे होते. बोम्मम्माने मला उचलून मांडीवर घेतले. मग बोलली, आणि दत्तोजीरावांनी मान खाली घालून ते मराठीत सांगितले.

“ती म्हणते, झाड उभं आहे, मध नाही. रस्ता आला असता तर निदान कुणाशी भांडायचं ते तरी माहीत असतं.”

“मी तो फोटो काढून टाकलाय हो!” अन्विता रडू लागली.

“तू काढून टाकलास अम्मा,” दत्तोजीराव म्हणाले. “लोकांनी ठेवलाय.”

बोम्मम्माने मला दत्तोजीरावांच्या हातात दिले. “अळिसि,” ती म्हणाली. पुसून टाका.

दत्तोजीरावांनी रंधा घेतला. शेवटची फांदी जाईपर्यंत ती समोर बसून राहिली. मग बस पकडायला निघून गेली.

मित्रांनो, माझ्या पाठीवरचे झाड अर्ध्या तासात गेले. फोनांमधले अजून फिरते आहे. तुम्हीही उद्या कुणाचे दुःख जगापुढे मांडाल. तेव्हा त्या माणसाने काय सांगू नका म्हटले आहे, ते आधी नीट ऐका. तेवढे जमणार नसेल, तर कृपा करा, मदतीला जाऊ नका.