टोपीबाबाची खोळ

स्वातंत्र्य आलं आणि मिरजेच्या रेल्वे वसाहतीतले गोरे, अर्धेगोरे एकेक करून बोटीत बसले. एडविन ग्रिग तेवढा मागं राहिला. पेन्शनीतला गार्ड, बायको मिरजेच्या मातीत, एकुलती एक एल्सी विलायतेत. उभा जन्म क्लबातल्यांनी त्याला काळा म्हटलं आणि बाजारातल्यांनी गोरा. धोब्याचा कुत्रा, घरचा ना घाटचा. संध्याकाळी तो व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडायचा आणि एकीत बसायचा.

एकोणपन्नास साली एल्सीनं लिहिलं, पपा, या. पण पासपोर्टाला अट होती: बापाचा बाप विलायतेत जन्मला, याचा पुरावा हवा. एडविननं लंडनच्या दफ्तरखान्याला लिहिलं. उत्तर आलं, जॉन ग्रिग नावाचे पुष्कळ आहेत, गाव कळवा, सोबत पाद्र्याचा दाखला जोडा; नुसतं तोंडी गाव चालणार नाही. गाव ठाऊक असतं तर या शहाण्यांना विचारलं कोणी असतं?

साताऱ्याच्या कॅम्पातल्या चर्चच्या जुन्या नोंदीत आजोबा एका ओळीपुरता सापडला. सडकेच्या कामावरचा सार्जंट, पटकीनं मेला, मेढ्याच्या वाटेवर पुरला, सोबत्यांनी दगड उभा केला. पाद्री म्हणाले, "अशा दगडावर बहुधा मूळ गाव कोरतात. असेल तर मी स्वतः येऊन बघतो आणि दाखला लिहून देतो."

दगड सापडला, पण एडविन बघतच राहिला. आजोबाचा देव झाला होता. जांभळीखाली शेंदराचा बोटभर जाड थर चढून बसला होता आणि समोर विडी जळत होती. हरवलेलं जनावर टोपीबाबा परत आणतो, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. पूजा रंगूबाई नावाची म्हातारी बघायची.

"तुमच्या आज्ज्याचा दगुड?" ती म्हणाली. "मग आमच्या बाबाचं नातू म्हना की."

"आजी, एवढा शेंदूर काढून खालची अक्षरं बघायची आहेत."

"खोळ खरवडायची नसती. बाबाच्या मनात आलं, की आपसूक गळती. मग तिला नदीत सोडायची."

"केव्हा गळेल?"

"ते बाबाला ठावं. माझ्या सासूच्या हयातीत न्हाई गळली."

एडविन परत गेला आणि आठवड्यानं, माणसं रानात असताना, भर दुपारी आला. खिशात हातोडी होती. देवळात चोरी करणाराही आधी हात जोडतो म्हणतात. यानं टोपी काढली आणि ठोका घातला. दुसऱ्या ठोक्याला खोळ अख्खी सुटून त्याच्या हातात आली. दगड कुजका होता, त्याची वरची पापुद्री भुगा होऊन गळाली. मागं कोरा, भुसभुशीत दगड उरला. खोळीच्या आतल्या अंगाला मात्र अक्षरं उलटी उमटली होती. त्यानं बोट फिरवत वाचली: जॉन ग्रिग, गाव विकवेल, परगणा नॉर्फक.

त्याला रडू फुटलं. आपणही कुठल्यातरी गावचे आहोत, हे त्याला साठाव्या वर्षी कळत होतं.

तेवढ्यात पाण्याची कळशी घेऊन रंगूबाई आली. एडविननं हातोडी खिशात सारली. म्हातारी दगडाकडे, खोळीकडे, त्याच्या डोळ्यांकडे बघत हळूहळू खाली बसली.

"टाकली बाबानं खोळ," ती म्हणाली. "घरचं मानूस यायची वाट बघत हुता."

दिवस कलायच्या आत गाव गोळा झालं. हलगी आली. नव्या फडक्यात बांधून खोळ त्याच्याच डोक्यावर दिली, कारण मान नातवाचा. बायकांनी पायांवर पाणी ओतलं. पोरं "बाबाचा नातू, बाबाचा नातू" म्हणत मागून चालली. पाद्र्यांना दाखवायचा एकमेव पुरावा डोक्यावर घेऊन एडविन वेण्णेच्या पाण्यात उतरला.

एवढंच म्हणायचं होतं, की ही मला द्या, मला लेकीकडे जायचंय. कदाचित दिलीही असती. पण त्या आधी हातोडी सांगावी लागली असती, आणि मग ती माणसं कशी बघतील ते त्याला बघवणार नव्हतं. मूळचं भित्रेपण होतं ते, दुसरं काय? पण आपला म्हणून त्याला कोणी पुढं घातलं होतं, तेही आजवर पहिल्यांदाच. पाणी गुडघ्याच्या वर आलं. काठावरून केरबा कोतवाल म्हणाला, "सोडा सायेब."

त्यानं सोडली. जड खोळ गपकन बुडाली आणि एल्सी गेली.

माणसं चांगभलं म्हणाली आणि आपापल्या घराला लागली. चुली पेटायची वेळ होती. जेवायला घरी चला, असं कोणीतरी म्हणेल म्हणून एडविन ओल्या पाटलोणीनं उभा राहिला. कोणी म्हणालं नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं; देवाच्या माणसाला आपल्या पंगतीत कसं बसवायचं, हेच त्यांना उमगत नव्हतं. आणि गोरा घरात जेवला की घर बाटतं, ते वेगळंच.

अंधारून येताना तो जांभळीखाली परतला, तिथं रंगूबाई आली. पळसाच्या पानावर भाकरी आणि कांदा तिनं त्याच्यापुढं लांबूनच ठेवला, हात जोडले, आणि पाठ न दाखवता चार पावलं मागं सरून घरी गेली.