उबेची एकच पेटी

प्राण्यांच्या त्या दवाखान्यात उबेची पेटी एकच, आणि त्या सकाळी तिच्यावर हक्क सांगणारे जीव दोन. पेटीत आधीपासून अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याचं अंडं होतं. त्याचे आईबाप समुद्रावरून परतलेच नव्हते. त्यात आता टॉवेलात गुंडाळून आलं वॉलबीचं पिल्लू. हे कांगारूच्या भाऊबंदांतलं, आई गाडीखाली गेलेली, अंगावर केसाचा पत्ता नाही. दोन्ही जाती नामशेष व्हायच्या वाटेवर.

डॉक्टरांनी तुलना मांडली. अल्बाट्रॉसची मादी दोन वर्षांतून एकच अंडं घालते, वॉलबीला वर्षाला एक तरी पिल्लू होतं. म्हणजे अंडं जास्त मोलाचं. पण गेले दोन दिवस बॅटरीच्या उजेडात त्या अंड्यात काहीच हललं नव्हतं.

"मेलेल्यापायी जिवंत कशाला घालवायचं? काढा ते," डॉक्टर म्हणाले.

तिथल्या जुन्या नर्स, ज्यांना सगळे मावशी म्हणत, त्या ऐकतील तर शपथ! पिल्लू बाहेर यायच्या बेतात असलं की अंडं इतकं गच्च भरतं की उजेड आत शिरतच नाही, हे पुस्तकं वाचणाऱ्याला कोण सांगणार? मावशींनी वाडग्यात कोमट पाणी घेतलं आणि आत जीव असेल तर त्याची हालचाल कळावी म्हणून अंडं अलगद तरंगत सोडलं. पाणी शांत झालं. दोघं श्वास धरून बघत राहिले.

अंडं डुललं. कुणी हात लावला नव्हता, वारा नव्हता, तरी डुललं.

मावशींच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी अंडं पुसून पेटीत ठेवलं, वॉलबीचं पिल्लू लोकरीच्या टोपीत घातलं आणि टोपी स्वेटरच्या आत, छातीशी धरली. एक जीव पुरता तयार झाल्याशिवाय कवच सोडत नाही. दुसरा शेंगदाण्याएवढा, आंधळा जन्मतो आणि आईच्या केसांतून चढत एकटाच पिशवी गाठतो.

"कुणी शिकवलं असेल हो यांना?" त्यांनी विचारलं.

दुपारी कवचाला बारीक चीर गेली आणि आतून चिवचिव ऐकू आली. डॉक्टर कितीतरी वेळ वाकून ऐकत होते.

"मावशी, मी हे केराच्या टोपलीत टाकलं असतं."

चार शब्द सुनावायचे मावशींच्या अगदी ओठांवर आले होते. पण त्यांनी पिल्लासकट टोपी काढून डॉक्टरांच्या शर्टात सरकवली, वरचं बटण लावलं आणि त्या जेवायला गेल्या. त्या परत येईपर्यंत डॉक्टर शिंकसुद्धा दाबून धरून बसले होते.